धनी माहा झोपला बाई

आपण मेल्याची बातमी घेऊन काका माझ्या दारात आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर सरकीच्या ढेपेचं पोतं होतं. बाजाराचा दिवस होता. पोतं ओट्यावर उतरवून त्यांनी आधी पाणी मागितलं, ते सावकाश प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मॅडम, मी मेलो म्हन्ते."

काका म्हणजे मी ज्यांना मावशी म्हणते त्यांचे यजमान. नात्याचे कुणी नव्हेत. मी खामगावला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते आणि मावशी तासाभराच्या अंतरावरच्या गावात शेती करत होत्या. ओळख गाण्यामुळे झाली. ते पुढे सांगतेच.

आदल्या दिवशी सकाळी काका अंगणात दोर वळत बसले होते. जालन्याकडचे त्यांचे लांबचे पाहुणे जीप करून आले. फाटकापासूनच बायांनी गळा काढला. काकांना वाटलं, घरात कोणाला काही झालं. ते दोर टाकून उभे राहिले आणि त्यांना पाहून रडणं मधेच थांबलं. पुढची बाई तोंडावरचा पदर काढून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग चक्क रागावली. एवढ्या लांबून आलो, भाड्याची जीप केली, असं काहीसं ती पुटपुटली. मावशींनी सगळ्यांना पोहे केले. चहा झाल्यावर पाहुण्यांनी मोबाईल काढून दाखवला, तेव्हा उलगडा झाला. मोबाईलमध्ये मावशींचा आवाज होता. त्या गात होत्या, आणि चित्रात पांढऱ्या लुगड्यातली एक अनोळखी बाई भेगाळलेल्या शेतात बसली होती. वर लिहिलं होतं की कापसानं बुडवलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचा हा टाहो आहे, प्रत्येकानं पुढे पाठवावा.

"मले हसू येत होतं पहिले," काका म्हणाले. "मंग तुमच्या मावशीकडं पायलं, त ती हसत नोहती."

ते गाणं मी ध्वनिमुद्रित केलं होतं. बीटी कापूस येऊन काही हंगाम झाले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या भागात ते दिवस बोलायला अवघड. पहिल्या वर्षांत झाडं बोंडांनी वाकली, लोकांनी ज्वारी काढून तिथंही कापूस लावला, आणि मग एका मागोमाग अशी वर्षं आली की बियाणं, खत, फवारणी सगळं महाग आणि पाऊस आपल्या मर्जीचा. गावोगावी माणसं जिवानिशी गेली. मुंबई-पुण्याहून, कधी त्याही पलीकडून, पत्रकार गाड्या घेऊन यायचे. बुलढाणा म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरलेला भाव यायचा. मीही त्याच भावानं त्या गावात गेले होते हे कबूल केलं पाहिजे. वेचणीला बाया काय गातात ते जमवायचं मनात होतं, आणि मी धरून चालले होते की त्या दुःखच गात असतील.

मावशी मला वावरात भेटल्या. कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरताना त्यांचा हात चालायचा तसंच तोंड. त्या जुन्या ओव्या गायच्या नाहीत. चाल आईची, पण शब्द स्वतःचे, त्या-त्या हंगामाचे. त्या वर्षी त्यांनी बियाण्याच्या पाकिटावर गाणं केलं होतं.

पाकिटावरचं बोंड बाई, नारळाएवढं मोठं,
वावरात पायलं त, सुपारीएवढं छोटं.

धनी माहा भोळा बाई, पाकीट ठेवते उशाले,
सपनात कापूस येचते, अन् हात लावते मिशाले.

पुढची ओळ त्या मुद्दाम आवाज पडता ठेवून, लांबवत म्हणायच्या. "धनी माहा झोपला बाई, हाका मारून उठेना." इथं बाकीच्या बाया श्वास धरायच्या. मग मावशी झटक्यात: "येचनीच्या दिवशी त्याची, वाकळ काही सुटेना!" आणि वावरभर हशा. त्या हशात सगळ्यात वर एक आवाज असायचा, मावशींच्या गल्लीतल्याच एका बाईचा. दोघींनी वर्षानुवर्षं शेजारच्या ओळीत कापूस वेचला होता. ही गायची, ती हसायची. काका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडायचे की मी रोज पहाटे उठतो, गावात इज्जत आहे माझी. गाण्याच्या शेवटच्या ओळीत मावशी आपलं नाव गुंफायच्या, कुणाची लेक सांगते ऐका, असं. ते नाव इथे द्यायला त्यांनी मला मनाई केली आहे. एकदा आपला आवाज बाहेर गेला की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

मी ती गाणी जमवून एक छोटी पुस्तिका काढली, सोबत सीडी. मुखपृष्ठावर गाणारणीचं नाव घातलं, संकलन म्हणून आत माझं. सीडीचं काम खामगावच्या स्टेशन रोडवरच्या एका दुकानात केलं होतं. दुकानदाराला सगळे भाई म्हणायचे. वडलांच्या काळात ते कॅसेटचं दुकान होतं, कव्वाली आणि भजनं एकाच फळीवर मांडलेली. पुढे सीडी, पुढे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. भाईंनी त्या मुद्रणातला वाऱ्याचा घोंगाट कमी करून दिला होता, पण बायांचं हसू कापू नका असं मी सांगायच्या आधीच ते म्हणाले होते की हसू राहू द्या मॅडम, त्याच्याविना गाण्यात जान नाही.

काकांना घेऊन मी भाईंकडेच गेले. तिघांनी तो व्हिडिओ पाहिला. ऐकताना पहिल्यांदा मला माझं मुद्रण ओळखूच आलं नाही. गाण्याचा वेग उतरवला होता. मागे बासरी आणि सनई. पाकिटाची ओळ नाही, मिशांची नाही, वाकळेची नाही. फक्त एकच ओळ, पुन्हा पुन्हा. धनी माहा झोपला बाई, हाका मारून उठेना. हसू कापलेलं. शेवटचं नाव कापलेलं. खाली लोकांनी रडणारी चिन्हं टाकली होती, हात जोडले होते, सरकारला शिव्या दिल्या होत्या. त्यांचं खोटं नव्हतं. ते खरंच रडले असणार. मलाही, सगळं माहीत असून, तो पुन्हा एकदा लावावासा वाटला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

भाई म्हणाले की नक्कल तर आम्हीपण केली, अब्बाच्या वेळेस एका कॅसेटवरून दुसरी कॅसेट भरून द्यायचो, तेव्हा त्याला कोणी चोरी म्हणत नव्हतं. "पन हे अलग आहे मॅडम," ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःलाच विचारल्यासारखं पुन्हा म्हणाले, "अलग आहे ना?" चोरलेल्या कॅसेटमध्ये निदान गाणारा आपलंच गाणं गात असे, एवढं मला नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी गावाला गेले. मला वाटलं होतं मावशी चिडलेल्या असतील, नवऱ्याला मेलेला दाखवला म्हणून. त्या चुलीपुढे बसून होत्या. नवऱ्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. अशा बातमीनं उलट आयुष्य वाढते, असं त्या म्हणाल्या. दुखणं वेगळंच होतं. शेजारच्या ओळीत हसणारी त्यांची ती मैत्रीण मधल्या वर्षांत खरोखरच विधवा झाली होती. तिच्या नवऱ्यानं वावरातच जीव दिला होता. तो व्हिडिओ तिच्या भाच्याच्या मोबाईलवर आला. तिनं तो पाहिला, आणि संध्याकाळी मावशींच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हने, तुले माहं रडनं काऊन पायजे होतं? तुहा त जित्ता हाये."

मावशींनी तिला सांगायचा प्रयत्न केला होता की हे मी नाही केलं. पण आवाज मावशींचाच होता, तो कसा नाकारणार? गावात तर दोन दिवसांत वेगळीच कुजबुज सुरू झाली होती की काही मदत मिळते म्हणून नवऱ्याला कागदावर मारला. ती कुजबुज मावशींनी झटकून टाकली. मैत्रिणीचं बोलणं त्यांना झटकता येत नव्हतं. तेव्हापासून ती वेचणीला दुसऱ्या टोळीत जात होती.

त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. एक, हे मिटवता येते का. आणि दुसरी, हे केलं कोणी. मी म्हटलं, पहिलं बहुधा करता येईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही.

मग सुरू झालं ते काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम असेल. ज्या मोठ्या साइटवर तो व्हिडिओ होता तिथं तक्रारीची सोय होती, पण सगळी इंग्रजीत. भाईंच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा आम्ही बसायचो. मावशी एसटीनं यायच्या. मूळ कृती कोणाची, ती पहिल्यांदा कुठं प्रसिद्ध झाली, तुम्ही मालक आहात की मालकाच्या वतीनं लिहिता, हे सगळं सत्य आहे अशी ग्वाही देता का, आणि खाली सही म्हणून संपूर्ण नाव. मी एकेक प्रश्न मराठीत सांगायची. मावशी विचार करून उत्तर द्यायच्या. गाणं कोणाचं, याला त्या म्हणाल्या, बोल माहे, चाल माह्या मायची. चालीचं इथं विचारत नाहीत, मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. चालीशिवाय बोल उभे कसे राहतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी तसंच लिहिलं: शब्द यांचे, चाल आईकडून आलेली.

सहीच्या जागी नाव टाकायची वेळ आली तेव्हा मी टाकू लागले, तर त्यांनी माझा हात धरला आणि स्वतः एका बोटानं अक्षरं शोधत इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. नातवाकडून शिकल्या होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "हे लिहिलं म्हनून गानं माहं झालं का? अन् लिहिलं नोहतं तवा कोनाचं होतं?"

भाई हसले. मी नाही हसू शकले. मी वर्गात लोकसाहित्य शिकवायची. लोकगीताला कर्ता नसतो, ते समूहाचं असतं, हे वाक्य मी कितीतरी मुलांना लिहून दिलं होतं. आणि तेच वाक्य आता माझ्यावर उलटून आलं. साइटनं आमची तक्रार व्हिडिओ टाकणाऱ्याकडे पाठवली आणि त्याचं उत्तर आलं: हे विदर्भाचं पारंपरिक लोकगीत आहे, याला मालक नाही. इतकं स्वच्छ लिहिलं होतं, जणू माझ्याच एखाद्या विद्यार्थ्यानं लिहावं.

आम्ही पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवला, आतल्या पानाचा, सीडीचा. मूळ गाणं पूर्ण पाठवलं, शेवटच्या नावाच्या ओळीसकट. भाईंनी दोन्ही आवाज शेजारी शेजारी लावून दाखवले की वेग कुठं उतरवलाय आणि कुठं कात्री लागलीय. बियाण्याचं पाकीट असलेलं गाणं पारंपरिक कसं असेल, असं मी लिहिलं. बीटीच्या आधी आमच्याकडे लोक सरकी घरचीच पेरत, असंही लिहिलं, आणि मग खोडलं, कारण तिथं बसलेल्या माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं.

काही आठवड्यांनी एक कोरडं पत्र आलं. व्हिडिओ काढला होता. आम्ही चहा मागवला. मावशींना फोन केला. आणि चहा संपायच्या आत भाईंनी शोधून पाहिलं तर तेच गाणं गाणी उतरवून घ्यायच्या आणखी काही साइटवर होतं, कुठं फक्त आवाज, कुठं तेच चित्र. गाजरगवतासारखं होतं ते. एका ठिकाणी उपटावं, तर पलीकडच्या धुऱ्यावर फुलं धरून उभं.

त्यातल्या एकेकीला लिहीत गेलो. साइट कोणाच्या सर्व्हरवर ठेवली आहे ते शोधायचं, त्या कंपनीला लिहायचं, वाट बघायची. काहींनी मुकाट्यानं काढलं. काहींनी उत्तरच दिलं नाही. एक साइट मात्र मराठी होती. वऱ्हाडी गाणी, कीर्तनं, तमाशा, सगळं फुकट. खाली जाहिरातीसाठी मोबाईल नंबर होता आणि दुकानाचा पत्ता, लोणार, बसस्टँडजवळ. व्हिडिओ पहिल्यांदा टाकणाऱ्याचं नाव आणि या साइटचं नाव एकच होतं.

मी फोन केला. तो नीट बोलला. पुन्हा तेच, लोकगीत आहे मॅडम. मी आवाज चढवल्यावर त्यानं फोन ठेवला, आणि नंतर माझा नंबर लागेना. पोलिसांत जाऊ या, असं भाईंचं मत पडलं. मावशी म्हणाल्या, आधी मी जाते.

"तुम्ही एकट्या?"

"एकटी काऊन? मेलेला संग घेते ना."

आम्ही तिघं निघालो, मावशी, काका आणि मी. मेहकरला गाडी बदलून लोणारला पोहोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. ते बोंडअळीचं वर्ष होतं. ज्या अळीला बीटी दाद देणार नाही असं सांगितलं होतं तीच अळी बोंडात बसली होती. बसच्या खिडकीतून दोन्हीकडे लोक उभ्या पिकात नांगर घालताना दिसत होते. काकांनी एकदा बाहेर पाहिलं आणि मग पूर्ण रस्ताभर समोरच्या सीटकडे बघत बसले. त्यांच्या स्वतःच्या वावराची तीच गत होती. मावशी मात्र दुकानात काय बोलायचं ते मनाशी जुळवत होत्या, ओठ हलताना दिसत होते.

दुकान लहान होतं. मोबाईलची कव्हरं, चार्जर, रिचार्ज, आणि एका फळीवर सरोवराचे फोटो, पर्यटकांसाठी. मालक तिशीचा असेल. पूर्वी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा धंदा जोरात होता, आता स्वस्त नेट आलं तर कार्ड कोण भरून घेणार, म्हणून त्यानं साइट काढली होती. हे सगळं त्यानं नंतर सांगितलं. आधी त्याला वाटलं आम्ही गिऱ्हाईक आहोत. त्यानं काकांना स्टूल दिलं.

मावशी काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि काही न सांगता गाऊ लागल्या. मोठ्यानं नाही, बोलण्याच्या आवाजात. धनी माहा झोपला बाई. त्या माणसानं मान वर केली. आवाज ओळखायला त्याला ती एक ओळ पुरली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मावशी थांबल्या आणि त्यांनी काकांकडे बोट केलं.

"हा पाय. उठला."

काकांना काय करावं कळेना. त्यांनी नमस्कार केला. त्या माणसानंही उलट नमस्कार केला.

मग तो बोलू लागला. त्याचं बोलणं मराठवाड्याकडं झुकणारं, मऊ. त्यानं काही नाकारलं नाही. सीडी कुठल्याशा लग्नघरी सापडली होती म्हणाला. गाणं आवडलं होतं, खरं गाणं, पूर्ण. तेच त्यानं आधी टाकलं होतं. कुणी ऐकलं नाही. मग त्यानं ती एक ओळ वेगळी केली.

"काकू, तुमच्या हसायच्या गाण्याला कोन पाहतंय?" तो म्हणाला. "आपल्याकडचं माणूस रडताना दिसलं की लोक पुढं पाठवतात. हसताना दिसलं की त्यांना वाटतं खोटं आहे."

मलाच ते लागलं. मी वावरात पहिल्यांदा गेले तेव्हाचा माझा चेहरा मला आठवला. तो माणूस आणि मी, दोघं एकाच गोष्टीच्या शोधात निघालो होतो. मला ती मिळाली नाही म्हणून मी थांबून ऐकलं आणि त्यानं कात्री घेतली, एवढाच फरक. पण फरक होता. आता भाईंना उत्तर देता आलं असतं.

मावशी म्हणाल्या त्या एवढंच की माझ्या गल्लीत एक बाई आहे, ती खरी रडते. तिला कुणी पाहावं असं तिला वाटत नाही. तुझ्या या रडण्यानं ती माझ्या घरी यायची बंद झाली. तिला काय सांगू ते तू सांग.

काउंटरच्या आत वळून त्यानं संगणक लावला आणि आमच्यासमोर साइटवरून ते गाणं काढलं. दुसऱ्या नावानं टाकलेलं होतं तेही दाखवलं आणि काढलं. इतरांनी त्याच्याकडून उचललेलं मात्र त्याच्या हातात नव्हतं. त्यांना तो लिहील म्हणाला, आणि लिहिलंही, पुढे दोघांची उत्तरं त्यानं मला पाठवली. निघताना त्यानं भीतभीत विचारलं, मूळ गाणं पूर्ण, तुमच्या नावानं टाकू का? मावशी म्हणाल्या, "नको बाप्पा. लोकं हसतीन त मी तिथं पायजे." आम्हाला त्यानं रसवंतीवर नेलं. काकांना बर्फ जास्त घालायला लावला. का कुणास ठाऊक, पण जिवंत निघालेल्या माणसाचा त्याला फार लळा लागला होता.

परतताना मावशी खुशीत असतील असं मला वाटलं होतं. त्या खिडकीशी डोकं टेकून बसल्या होत्या. साइटवरून उतरलं ते ठीक, पण गल्लीतलं कसं उतरवायचं, हा प्रश्न तसाच होता.

ते मला जमेल असं वाटत नव्हतं, तरी मी एका रविवारी भाईंकडचा गाणी वाजवायचा छोटा डबा घेऊन गावाला गेले आणि मावशींना न सांगता त्यांच्या मैत्रिणीच्या घरी गेले. तिनं बसायला पोतं दिलं. मी म्हटलं, तुम्ही ऐकलं ते कापलेलं होतं, मूळ ऐकाल का? तिला नको होतं. मी आग्रह केला नाही. आम्ही पिकाचं बोललो, अळीचं बोललो. उठताना तीच म्हणाली, लाव.

गाणं लागलं. पाकीट, मिशा, मग ती पडती ओळ. तिचा चेहरा आवळला. मग वाकळ, आणि हसू. डब्यातून तिचं स्वतःचं हसू बाहेर आलं, सगळ्यांच्या वर, नवरा असतानाच्या दिवसांतलं. ती दचकली. पदर तोंडाशी नेला. मला वाटलं मी मोठी चूक केली. मग डब्याकडे बोट करून तिनं विचारलं, "हे मी हाव?" मी हो म्हटलं. त्या दिवशी माझा धनी धुऱ्यावर होता, ती म्हणाली, माझ्यावर खेकसला होता की एवढ्या मोठ्यानं हसू नको, बैल बुजतात. आणि हे सांगताना ती रडली आणि तिच्या तोंडावर हसूही होतं. मी तिथून उठून ओसरीत जाऊन बसले. ते पाहायला मला तिनं बोलावलं नव्हतं.

ती मावशींकडे लगेच गेली नाही. पुढच्या हंगामात दोघी पुन्हा एका टोळीत आल्या असं काकांकडून कळलं. काय बोलल्या, कशा बोलल्या, ते मी विचारलं नाही, आणि मावशी आपणहून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

परदेशातली एक साइट राहिली होती. तिला आम्ही लिहीत राहिलो, भाई आणि मी. उत्तर कधीच आलं नाही. वर्गात आता मी लोकगीत शिकवताना कर्ता नसतो असं सांगत नसे. कर्ता आपल्याला माहीत नसतो, असं सांगायची. मुलांना दोन्ही सारखंच वाटायचं.

एक दिवस भाईंचा फोन आला की ती साइट उघडतच नाही, पूर्ण गेली. आमच्या पत्रांनी गेली, की मालकानं भाडं भरलं नाही म्हणून गेली, हे समजायला मार्ग नव्हता. मी मावशींना फोन केला. मागे बायांचा गलका ऐकू येत होता, वेचणी चालू असावी. मी सांगितलं की शेवटची जागाही गेली, आता ते कुठं दिसत नाही.

त्यांनी विचारलं, "म्हनजे मानूस सुधरला का दुकान बसलं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, "ऊन उतरून राह्यलं, ठेवते आता," आणि फोन ठेवला.